बाण जमिनीकडं

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक पिस्टन आहे. जुन्या रुमालात गुंडाळलेला. तो तिथे का आहे हे घरात कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी खोटं सांगितलं असतं – खोटं मला चांगलं जमतं, हे चार वर्षांपूर्वी कळलं. आज पहिल्यांदाच खरं लिहिते आहे. मराठीत, कारण ज्या माणसाबद्दल आहे त्याला इंग्रजी येत नाही. पण हीसुद्धा सबबच. तो हे वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच लिहायचं धाडस होतं आहे ना?

मी फारशी बोलत नाही. शाळेत इंग्रजीत गप्प होते, घरी मराठीत. लोकांना वाटतं लाजरी आहे, सालस आहे. खरं म्हणजे मी आतून सतत कुणावर तरी चिडलेली असते आणि ते दिसू देत नाही. इंजिनाकडे वळले ती त्यामुळेच. इंजिन तुमच्याकडे बघत नाही. लग्नाचं विचारत नाही.

जिन्याखाली पप्पांची जुनी गिअरची स्कूटर पडून होती. टू-स्ट्रोक, वर्षानुवर्षं बंद. घरून काम करायचे दिवस होते, दुपारी वेळ मिळायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघत मी तिचं इंजिन खोललं. एकदा बांधलं, गळलं. पुन्हा खोललं. गॅस्केट फाटलं, एक बोल्ट तुटला, किक मारून पोटरी सुजली. तिसऱ्या वेळी कळलं की सिलिंडर आतून झिजला आहे, तो बोअर करून, म्हणजे आतून किंचित कोरून, त्यात मोठ्या मापाचा नवा पिस्टन घालावा लागेल. त्यासाठी उद्यमनगरात जावं लागलं, गुंडूअण्णांकडे.

अण्णांचं वय सत्तरीच्या आसपास. बोअरिंगच्या मशीनवर उभा जन्म गेलेला. त्यांची एक पद्धत होती. काम झालं की सिलिंडर पुसायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा आतून गोल फिरवायचा. मग पिस्टन वरून अलगद आत सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने किती सावकाश खाली उतरतो, एवढंच बघायचं. माप घ्यायचं गेज भिंतीला टांगलेलं असायचं, ते मुलगा वापरायचा. अण्णांना लागायचं नाही. आजूबाजूचे मिस्त्री म्हणायचे, अण्णांच्या हातचा सिलिंडर परत येत न्हाय.

मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मोठ्याने बोलायचा. चार मिस्त्री चहा पीत बसलेले असताना त्याने विचारलं, “काय मॅडम, मोबाईलमदी बघून इंजिन बांधताय व्हय? मग बोअर बी त्यातच मारून घ्यायचा की!” सगळे हसले. मी सिलिंडरकडे बघत उभी राहिले. कान तापले होते.

सिलिंडर हातात देताना त्यांनी नव्या पिस्टनच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक बाण कोरलेला असतो; या स्कूटरचा सिलिंडर आडवा बसतो, म्हणून बाण वर किंवा खाली होऊ शकतो. म्हणाले, “ह्यो बाण जमिनीकडं ठिवायचा, सायलेन्सरच्या बाजूला. आभाळाकडं न्हाय. न्हायतर तुमचं इमान उडंल थेट.” पुन्हा हसू. एकजण म्हणाला, “इंग्लिश शाळंत बाण शिकवत न्हाईत अण्णा, ॲरो शिकवत्यात.”

मला ऐकू आलं होतं. हे नीट लिहायला हवं. मला स्पष्ट ऐकू आलं होतं आणि समजलंही होतं.

घरी आल्यावर मी व्हिडिओ लावला. त्यातला माणूस शांत, स्वच्छ इंग्रजी बोलणारा, हातात मोजे. त्याने बाण वर ठेवला. मी दोनदा बघितलं. वरच. एकीकडे हा सभ्य माणूस, दुसरीकडे तो चहाच्या कपांमधला खिदळणारा म्हातारा – मी कुणाचं ऐकणार होते? त्यांना चूक ठरवताना मला बरं वाटलं. बाण आभाळाकडे ठेवून मी हेडचं झाकण आवळलं.

इंजिन तिसऱ्या किकला सुरू झालं. पप्पा टाळ्या वाजवत होते. आठवडाभर मी रंकाळ्याभोवती स्कूटर हळूहळू चालवली. नवव्या दिवशी मम्मीला मागे बसवून पन्हाळ्याला निघाले. वाघबिळाच्या चढाला खडखड झाली आणि मागचं चाक जागीच जाम झालं. आम्ही दोघी रस्त्यावर. मागून येणारी ट्रॅक्स जीप हातभर अंतरावर थांबली. मला खरचटलं. मम्मीचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने इंजिन खोललं. पिस्टनभोवतीची एक रिंग तुटून सिलिंडरला खोल ओरखडा पडला होता. पिस्टन वळवला आणि बाण दिसला. पिस्टनची जी कड सायलेन्सरकडे असते ती भाजून काळी पडते. बाण त्या काळ्या बाजूला हवा. माझा बरोबर उलट होता. बाण उलटा म्हणजे पिस्टन उलटा, आणि उलट्या पिस्टनची रिंग सिलिंडरातल्या भोकात अडकून तुटते. कुणालाही कळलं असतं. मी पुन्हा व्हिडिओ लावला. त्या माणसाचं इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. त्याचं ‘वर’ म्हणजे माझं ‘खाली’.

मी पायरीवर बसले होते तेवढ्यात बाळूकाका आले. पप्पांचे धाकटे भाऊ, तापट. त्यांनी सिलिंडरात बघितलं आणि म्हणाले, “बोअर टाइट मारलाय म्हाताऱ्यानं.” त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. मी काय करायला हवं होतं? एक वाक्य. ‘नाही काका, माझंच चुकलं.’ मी म्हणाले, “असेल.”

हा एक शब्द मी घाबरून बोलले असं म्हणता आलं असतं. पण मी घाबरले नव्हते. मला ते चहाचे कप आठवत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन उद्यमनगरात गेले. तेच मिस्त्री होते. काकांचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. “अण्णा, दिसत नसंल तर घरात बसायचं की! माझी वैनी गाडीखाली गेली आसती परवा!” अण्णा गडबडले. त्यांनी सिलिंडर घेतला, अंगठा आत फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाले, “पिस्टन कुठं हाय? पिस्टन बघू दे की. एकटा सिलिंडर काय सांगणार?”

काकांनी माझ्याकडे बघितलं.

पिस्टन माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. डब्याखाली, रुमालात. मी सकाळीच ठेवला होता – का ठेवला होता? दाखवायचा म्हणून? असं स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं. ते खरं नाही. घरात सोडला तर कुणाच्या हाती लागेल, म्हणून ठेवला होता.

“भंगारवाल्याला दिला,” मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त खाली मान घालून परत अंगठा फिरवू लागले. या वेळी डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून, सिलिंडर उजेडाकडे धरून, चष्मा पुसून बघत राहिले. पलीकडे त्यांचा मुलगा गेज हातात घेऊन उभा होता. कुणीही हसत नव्हतं.

तुम्ही माझी बाजू घ्यायला लागला असाल – एकटी मुलगी, टिंगल करणारे पुरुष – तर ते थांबवा. त्या क्षणी मला आनंद झाला होता. लहान, टोकदार, स्वच्छ आनंद.

चार दिवसांनी अण्णा आमच्या घरी आले, पिशवीत चिकू घेऊन. मम्मीच्या प्लास्टरकडे बघून हात जोडले. “वैनी, माज्या हातनं चुकलं. नजर दगा द्याय लागलीया.” मम्मी म्हणाली, “अहो अण्णा, असू दे, बसा तरी.” मी आत चहा करत होते. चहा नेऊन दिला. त्यांनी सिलिंडर पुन्हा बोअर करून आणला होता. म्हणाले, ह्यो पोरानं मारलाय, गेज लावून. त्यानंतर अण्णा बोअरिंगच्या मशीनला उभे राहिले नाहीत. मुलाने दाराशी खुर्ची टाकली. ते तिथे बसतात.

मी दुसरा पिस्टन बसवला. बाण जमिनीकडे. स्कूटर आजही चालते. बाळूकाका पाहुण्यांना खाली नेऊन दाखवतात, आमच्या पोरीनं बांधलीया. महिला दिनाला कॉलनीच्या मंडळाने माझा सत्कार केला. शाल घेतली मी. फोटोत हसतेही आहे.

अण्णा हयात आहेत. त्यांचं दुकान माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. पिस्टन खणात आहे. या तिन्ही गोष्टी रोज सकाळी मला माहीत असतात.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या वडिलांची गाडी बांधायला घेतली. त्या गाडीचा सिलिंडर घेऊन दुकानात गेले. अण्णा खुर्चीत होते. खूप वाळलेत. त्यांनी मला ओळखलं, सिलिंडर हातात मागितला. सवयीने अंगठा आत गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी तो बाहेर काढून धोतराला पुसला आणि सिलिंडर मुलाकडे दिला.

“नीट बघून मार रं,” ते मुलाला म्हणाले. “ह्या पोरीचं काम मागं एकदा माज्याकडनं बिघडलंय.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “भिऊ नगंस बाळ. आता मी हात लावत न्हाय.”

मी म्हणाले, “थँक्यू, अण्णा.”