ठकूमावशीची थोरली

ठकूमावशी चढाला लागली की बोलायला सुरुवात करी. माझ्याशी नव्हे. मी तिच्या मागे चार पावलांवर असे, पण तिचं तोंड समोरच्या कारवीच्या झुडपांकडे. "थोरले, म्या हाय गं, ठकी. मागं मास्तर हाय. दूध खाली देऊन आले, किटली रिकामी हाय. धोंड्याची म्हस याली, रेडी झाली. त्याच्या बायकूला मातुर हातपाय सुजल्यात..." असं दीड तास, पार पठारावरच्या धनगरवाड्यापर्यंत. आवाज चढा नाही, हळूही नाही. शेजारणीच्या दारात उभं राहून चार गोष्टी सांगाव्यात तसा.

थोरली म्हणजे अस्वल. हा शब्द त्या वाड्यावर कुणी रानात उच्चारत नसे.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं असतील. मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पठारावर, बावीस उंबऱ्यांची ती वस्ती होती. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर माझी नेमणूक झाली. मी खालच्या गावात खोली घेऊन राहत होतो आणि रोज सकाळी चढून जात होतो. ठकूमावशी त्याच वेळी सडकेवर दूध घालून परत निघायची. माझ्या आधी त्या शाळेवर तीन मास्तर येऊन गेले होते. तिसऱ्याने तर पेटीसुद्धा वर नेली नव्हती. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला तिनं सडकेवरच गाठलं आणि खालून वर न्याहाळून म्हणाली, "ह्यो तरी टिकल का रं?" ती सगळ्यांनाच अरे-तुरे करी.

मी मुळातच अबोल. घरात आई म्हणायची, ह्याला पोटात दुखतंय हे डॉक्टरनंच ओळखायचं. मावशीला माझ्या गप्प राहण्याचा राग नव्हता, चेष्टा मात्र भरपूर. "मास्तर, तू पोरांस्नी शिकवतूस का पोरं तुला? वर जाऊन तरी तोंड उघडतूस नव्हं?" मग लगेच कारवीकडे वळून, "ह्यो मास्तर मुका हाय गं, पर वंगाळ न्हाई."

या बोलण्यामागचं कारण तिनं मला एकदा सांगितलं. पूर्वी या डोंगरात कोळशाच्या भट्ट्या होत्या. रान तुटलं, बंदुका आल्या, आणि थोरली नाहीशी झाली. मावशी लग्न होऊन आली तेव्हा अख्ख्या खोऱ्यात एकही नव्हती. तरीही तिची सासू त्या वाटेनं बोलत चालायची. नव्या सुनेला वाटलं, सासूच्या डोक्यात फरक आहे. एक दिवस धीर करून तिनं विचारलं, "आत्याबाई, हितं हाय तरी कोन?" सासू म्हणाली, "आज न्हाई. पर सवय मोडली आन् ती उद्या माघारी आली, तर तुला बोलाया कोन शिकवंल?"

भट्ट्या बंद झाल्या, रान पुन्हा दाटलं, शिकारबंदी आली. मग थोरली आली. आधी एक, नंतर दोन-तीन. कुणालाच ती दिसत नव्हती. उकरलेली वारुळं दिसायची, जांभळीच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसायचे. सासू तोवर गेलेली होती. "तिनं चाळीस वरसं रिकाम्या रानाला सांगितलं," मावशी म्हणाली, "म्या भरल्या रानाला सांगतीया. माझं सोपं हाय."

मी शहरातून शिकून आलेला. या सगळ्याला मनातल्या मनात हसायचो. ते हसू एका श्रावणात गेलं. धुकं इतकं होतं की मावशीच्या डोक्यावरची किटलीसुद्धा मला दिसत नव्हती, नुसता आवाज पुढे चालला होता. मी खाली बघून पाय टाकत होतो. चिखलात आमची आदल्या दिवसाची पावलं होती, माझ्या चपलांची आणि तिच्या अनवाणी पायांची. माझ्या प्रत्येक ठशावर आणखी एक पाऊल होतं. अनवाणी, माणसासारखं, पण जरा रुंद, आणि बोटांच्या पुढे लांब चिरा. कुणीतरी आमच्या मागून, माझ्या पावलांत पाऊल टाकत वाड्यापर्यंत आलेलं होतं.

"मावशी," मी म्हणालो. तो माझा रानातला पहिला शब्द असेल.

तिनं वाकून पाहिलं. "आली व्हती खरी. वास घेतला आसंल तुजा. बोलत न्हाईस, मग वळखावं कसं?" आणि सरळ उभी राहून धुक्याला म्हणाली, "बघितलास नव्हं? मास्तरच हाय त्यो."

त्यानंतर मला तो आवाजही ऐकू येऊ लागला. वारूळ फोडून वाळवी खाताना अस्वल आधी जोरानं फुंकर मारतं आणि मग ओढून घेतं. लांबून ऐकलं तर लोहाराचा भाता चालल्यासारखं वाटतं. फू, सुर्र. फू, सुर्र. मावशी थांबायची. "जेवतीया. जेवताना तिला काय ऐकू येत न्हाई, आन् दिसायचं तर आदीच कमी. अवचित म्होरं गेलं की भितीया, आन् भ्याली की मारतीया. जेवनाऱ्याच्या दारात हाक मारल्याबिगर जाऊ न्हाई." मग ती हाक मारी. भाता थांबे. कारवी एकदा हले, आणि वाट मोकळी होई. त्या थांबलेल्या क्षणात आपल्याकडे कुणीतरी नीट कान देऊन आहे, हे मला मानेवर जाणवायचं. ती सवय मला कधीच झाली नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी बारा वर्षं सांगितलेलं नाही.

माझी नोकरी तात्पुरती होती. शिमग्याच्या आधी तपासणीला साहेब येणार असं कळलं. वस्तीवरची माणसं अजून त्यांना 'दिपोटी' म्हणत. शेरा चांगला पडला तर मी कायम होणार होतो. साहेब कडक, कोट-टोपीतले, आणि अंधश्रद्धेवर त्यांची भाषणं प्रसिद्ध. सकाळी ते एसटीनं उतरले, तेव्हा मावशी किटली विसळत उभीच होती. माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं. ही पुढे धोंड्याच्या म्हशीपासून सुरू करणार, साहेब मला विचारणार, ही बाई कुणाशी बोलतेय, आणि तुम्ही इथे तीन वर्षं काय शिकवलंत?

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, आज साहेब बरोबर आहेत. आज जरा गप्प चला."

"गप? वरपतूर?"

"हो."

"साहेबाला बाईमानसाचं बोलनं चावतंय व्हय?" ती हसली. मग माझ्याकडे पाहून तिचं हसू मावळलं. "लई गरज हाय का तुला?"

"आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि पदर खोचून पुढे झाली.

तिला गप्प चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रान एकदम मोठं झालं होतं. साहेबांना धाप लागलेली, तेही बोलत नव्हते. अर्ध्या चढावर, उंबराच्या वळणाच्या जरा अलीकडे, तो भाता ऐकू आला. फू, सुर्र. जवळच.

मावशी थांबली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही. नुसत्या भुवया उचलल्या. विचारत होती.

मी मान हलवली. नको.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि वळणावर पाऊल टाकलं.

पुढचं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. काळं, केसाळ, माणसासारखं दोन पायांवर उभं राहिलेलं काहीतरी, आणि त्याच्या पाठीला घट्ट धरून बसलेली दोन पिल्लं. किटली दगडांवरून वाजत खाली गेली. साहेब पळाले. मी पळालो नाही, पण ओरडलोही नाही. थोरली आपणहून गेली, पिल्लांसकट. मावशीचा जबडा आणि डावा डोळा गेला होता.

घोंगडीची झोळी करून तिला खाली नेलं. झोळी सडकेला लागण्याआधी वाड्यावरचे वडीलधारे दामूनाना माझ्या पुढ्यात आले. सगळी माणसं भोवती उभी. त्यांनी एकच विचारलं, "मास्तर, ठकी बोलत व्हती का?"

या प्रश्नाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. ती गप्प होती म्हटलं, तर चूक माणसाची, आणि तिला गप्प कुणी केलं हेही निघणार. थोरलीवर कुणी हात उगारणार नाही. आणि ती बोलत असूनही थोरलीनं मारलं, तर ती बिघडली. मग तिला ठेवायचं नाही.

साहेब तिथेच दगडावर बसून पाणी पीत होते.

"बोलत होती," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी जंगलखात्याच्या गार्डाबरोबर मी पुण्याला इस्पितळात गेलो. जबानी लिहायची होती आणि तिला बोलता येत नव्हतं, म्हणून घटना पाहिलेल्या मास्तरांनीच लिहावी असं ठरलं. मी लिहिलं, 'नेहमीप्रमाणे मोठ्याने बोलत जात असताना.' वाचून दाखवलं. पट्ट्यांमधून तिचा एक डोळा माझ्यावर होता. मला वाटलं, आता ही मान हलवेल. तिनं अंगठा पुढे केला. शाई मी लावली.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, वाड्याच्या वर, थोरलीच्या कपारीपाशी धूर निघाला. गार्ड त्या दिवशी दुसरीकडे गस्तीला होता. शाळेतून धूर दिसत होता. मुलं खिडकीकडे बघू लागली, तेव्हा मी त्यांना पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं. एकोणतीसपर्यंत म्हणून झाले तरी वरून आवाज येतच होता. पिल्लांचा आवाज माणसाच्या पोरांसारखा असतो. वर्गातल्या एका मुलीनं कानांवर हात ठेवले. मी तिला हात खाली घ्यायला सांगितलं आणि तिसाचा पाढा सुरू केला.

मी कायम झालो.

वाड्यानं बोलणं सोडलं. माणसं आता कुऱ्हाडी घेऊन, गुपचूप, झपाझप चालायची. अस्वलं काही संपली नव्हती. रान वाढत होतं आणि तीही वाढत होती. वर्षाच्या आत लाकडाला गेलेल्या धोंड्याची मांडी फाटली, पुढच्या जांभळाच्या दिवसांत एका म्हाताऱ्याचं डोकं. दोघंही गप्प चालले होते. प्रत्येक वेळी दामूनाना म्हणत, "काय उपेग? ठकी तर बोलत व्हती."

फक्त मावशी पुन्हा त्याच वाटेनं जाऊ लागली. डोक्यावर नवी किटली, तोंडावर पदर. जबडा वाकडा जुळला होता, शब्द फुटत नव्हते. ती बोलायची तेव्हा आधी हवा बाहेर पडे आणि मग आत ओढली जाई. फू, सुर्र. मी चार पावलं मागे. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. कारवीत मात्र काहीतरी थांबे, हले, आणि वाट मोकळी होई. एकदा तिचा तो आवाज संपल्यावर आतून तसाच आवाज आला. मावशी थांबली, ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चालू लागली. काय ऐकलं, हे मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी मी बदली मागून घेतली. हुकूम हातात आला त्या दिवशी मी तिच्या झोपडीत गेलो. ती चुलीपाशी ताक घुसळत होती. मी खाली बघून सगळं सांगितलं. मान मी हलवली होती, खोटं मी बोललो होतो, खोटं मी लिहिलं होतं. जणू तिला ते माहीतच नव्हतं.

ती आता तुटक तुटक बोलू शकत होती. कान देऊन ऐकावं लागे.

"ठावं हाय."

"मग अंगठा का दिलात, मावशी?"

तिनं रवी थांबवली. "खरं सांगितलं आसतं, तर वाड्यानं तुला ठिवला नसता. तीन मास्तर गेलं व्हतं. चौथा कोन आला आसता? पोरं वाचाया लागली व्हती." तिनं रवी पुन्हा फिरवली. "तू ऱ्हावास म्हनून दिला."

बदलीचा हुकूम माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही, पण तिचा एक डोळा खिशावरच होता.

"जातूस," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं. "मग आता भ्या कशाचं? दामूला सांगून जा. तिची खोट नव्हती, येवडं सांग. मंग मानसं बोलत्याल."

मी हो म्हणालो. तिनं मला ताक दिलं.

दामूनाना पारावर बसले होते. भोवती चार माणसं, धोंड्या पाय लांब करून बसलेला. "निघालात मास्तर?" नाना म्हणाले.

"निघालो," मी म्हणालो. आणि निघालो.

मावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. माझ्याच एका विद्यार्थ्यानं कार्ड टाकलं होतं. अक्षर सुरेख होतं, एकही चूक नव्हती. खाली लिहिलं होतं, वाटेवर अजून त्रास आहे, माणसं जपून जातात.

त्या वाड्यावरची माझी पोरं आता आईबाप झाली असतील. त्यांना वाचता येतं, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितो. ठकूमावशी त्या दिवशी बोलत नव्हती. तिला मी गप्प बसवलं होतं. थोरलीची खोट नव्हती. वाटेनं बोलत जा.