पासपोर्टवरचं कुंकू

इमिग्रेशनच्या रांगेत माझ्या पुढे नऊवारीतल्या एक आजी होत्या. लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला निघाल्या होत्या, आणि हे एव्हाना सगळ्या रांगेला ठाऊक झालं होतं. काउंटरवरच्या अधिकारीबाईंनी त्यांचा पासपोर्ट उघडला आणि त्यांचा हात थांबला. पहिल्याच कोऱ्या पानावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती.

"आजी, हे काय केलंत?"

"पूजा केली, बाई. नवी वस्तू तशीच कशी वापरायची?"

आता आजींना परत पाठवतात की काय, म्हणून मलाच घाम फुटला. सरकारी कागदाला साधी घडी पडली तरी माझा जीव खालीवर होतो. आजींनी मात्र नव्या शिलाई मशीनला लावावं तसं सरकारच्या पुस्तकालाही कुंकू लावून ते घरचं करून टाकलं होतं.

अधिकारीबाईंनी बोटानं कुंकू पुसून पाहिलं. ते काही जाईना. मग त्यांनी पुढचं पान उघडून शिक्का मारला.

"पुन्हा असं करायचं नाही हं. जा, लेक वाट बघत असेल."

आजी तुरुतुरु निघाल्या. मग माझा पासपोर्ट पुढे गेला, शिक्का बसला, परत आला. चालता चालता मी पान उघडलं. शिक्क्याशेजारी बाईंच्या बोटाचा पुसट लाल ठसा होता.

इतक्या वर्षांत किती देशांचे शिक्के गोळा केले. पण निघताना कुणी कुंकू लावून पाठवलं, ते आजच.