चावी हातात, इंजिन चालू

चहा घ्या आधी, मग सांगतो. हा किस्सा ऐकून लोक हसतात, हसू द्या. माझी फजिती एवढी मोठी हाय की ती एकट्यानं पचवणं मला जमत न्हाई.

पाटोद्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. केसासारख्या बारीक तारा जोडून जोडून माणसाला मस्ती चढते बघा. माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर गेला, तर मिस्त्री म्हणाला, "घेऊन या, बसवून देतो." मी म्हणलं, कशाला? इंटरनेटवरून बाहेरच्या बनावटीचा एक मागवला. सोबत तारांचा हा एवढा जुडगा आणि इंग्रजीत नकाशा. दुकान बंद करून बॉनेटमध्ये डोकं घातलं.

गाडी काही सुरू होईना. चावी फिरवली तरी नव्या कॉम्प्युटरला करंट पोचत नव्हता. मग मी काय करावं? थेट बॅटरीवरून तार ओढली, मधी फ्यूजसुद्धा टाकला न्हाई, आणि स्टेअरिंगखाली घरातल्या दिव्याचं बटण बसवलं. बटण खाली, चावी फिरवली, गाडी सुरू. बटण वर, गाडी बंद. लई खूश झालो.

माझी बायको संगीता म्हणाली, "हे काही बरं दिसत न्हाई."

"दिसायचं काय त्यात? चालतंय की."

आणि वडवणीहून फोन आला. संगीताचे थोरले चुलते, अण्णा, वारले. संगीता पुढं बसली, सासूबाई मागं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. गाडीतून उतरायचं तर कुणीतरी हात द्यावा लागतो. बीड मागं पडलं आणि प्लास्टिक जळल्यासारखा वास आला.

"जावईबापू, काय जळतंय का?"

"बाहेर कुणीतरी कचरा पेटवलाय," मी म्हणलो आणि काच वर केली.

वडवणीला पोचलो. दारात माणसं खाली माना घालून बसलेली. मी बटण वर करायला गेलो, तर ते वितळून जागच्या जागी चिकटलेलं. चावी काढली, तरी इंजिन चालूच. एवढ्या शांततेत ते घरघरतंय, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडं वळाल्या.

अण्णांचा मुलगा बाबा उठून आला. रडून रडून डोळे सुजलेले. हळूच म्हणाला, "दाजी, गाडी बंद करा की."

"बंदच हाय," मी हातातली चावी दाखवली.

"मग वाजतंय काय?"

गिअरमध्ये टाकून क्लच सोडला असता तर गाडी गप झाली असती. पण तेवढं सुचायला डोकं ठिकाणावर पायजे ना. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि बॅटरीकडची सोडून कॉम्प्युटरकडची बाजू धरून ती तार उपटली. ती हातातून निसटली, उघडं टोक पत्र्याला लागलं. ठिणग्या उडाल्या, टेप पेटली, मग सगळा जुडगाच पेटला. बघता बघता स्टेअरिंगखालून जाळ निघाला.

सासूबाई अजून मागंच बसलेल्या.

मी जागचा हललो न्हाई. खोटं कशाला बोलू? संगीता उतरून मागचं दार ओढत होती, पण लॉक आतून होतं. बाबानं ड्रायव्हरच्या दारातून, त्या जाळावरून हात घातला, लॉक काढलं, आणि दोघांनी मिळून सासूबाईंना बाहेर ओढलं. बाबाचं मनगट भाजलं.

मातीहून आल्यावर हातपाय धुवायला बॅरल भरून ठेवले होते. लोकांनी ते सगळे गाडीवर रिते केले. शेजारी मसणात न्यायच्या लाकडांची ट्रॉली उभी होती, ती पेटू नये म्हणून तिच्यावरही बादल्या मारल्या. गाडीचा काळा सांगाडा राहिला.

सासूबाई ओट्यावर खोकत बसल्या होत्या. मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी तांब्या घेतला न्हाई. म्हणाल्या, "मी इचारलं तवा कचरा म्हणलात तुमी." संगीतानं तर माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"चला," भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "मेलेल्याचं आधी बघू, जळालेल्याचं मागून."

मसणात बाबानं फडकं गुंडाळलेल्या हातानं अग्नी दिला. लाकडं पेटेनात. पेटणार कशी, पाण्यानं निथळत होती. काडीवर काडी गेली, रॉकेल झालं, नुसता धूर. बाप समोर पडलेला आणि पोरगं काड्या ओढतंय. मी आपला सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून उभा.

तेवढ्यात काठीवर हनुवटी टेकून बसलेले एक म्हातारे, माझ्याकडं न बघताच, अगदी शांतपणे म्हणाले, "जावयाला पुढं घ्या रे. त्याच्या हातानं लवकर पेटतंय."