मागच्या वेळेबद्दल आभार

बोडिलकडे दुसऱ्यांदा गेलं की ती दारातच आधी मागच्या भेटीचे आभार मानायची. ‘ये’ नाही, ‘बस’ नाही. दार उघडायचं, लोकरी मोज्यांवर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘‘मागच्या वेळेबद्दल आभार.’’ मग ती मागची वेळ म्हणजे कात्री मागायला गेले होते ती पाच मिनिटं का असेनात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला, समीरला, विचारलं होतं की मी तिच्याकडे काही विसरून आले का.

आम्ही तेव्हा नुकतेच बाडहूव्हडॉर्पला, ॲमस्टरडॅमच्या विमानतळालगतच्या गावात, राहायला आलो होतो. समीर ॲमस्टरडॅममध्ये आयटीत, मी त्याच्या व्हिसावर. विमानं छपरावरून अशी जात की बोलणं मध्येच थांबवून, मान वर करून, पुन्हा सुरू करायची सवय लागली. एकाला एक चिकटलेली विटांची घरं आणि आमच्या भिंतीपलीकडे बोडिल. सत्तरीला आलेली, उंच, पांढरे केस आरशात न बघता स्वतःच कापल्यासारखे. मूळची डेन्मार्कची. डच माणसाशी लग्न करून इथे आली, विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर तीस वर्षं बसली. नवरा वारला होता. एकुलता एक मुलगा येन्स डेन्मार्कला शिकायला गेला तो तिकडचाच झाला. वयाकडे बघता तिला ‘त्या’ म्हणायला हवं, पण मी पहिल्या दिवशी ‘मिसेस’ म्हटलं तेव्हा तिनं मागे वळून बघितलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. तेव्हापासून ती बोडिल आणि ‘ती’च.

तिच्या शेजारात राहायचं म्हणजे आठवड्यातून एकदा तरी हबकायचं. भर दुपारी पावाला लोणी लावून खायचं असलं तरी टेबलावर मेणबत्ती. मला वाटलं वीज गेलीय. डिसेंबरात सकाळी अंगाला टॉवेल गुंडाळून ही बाई सायकलवरून तळ्यावर पोहायला जायची आणि लालबुंद होऊन परत यायची. समीरच्या वाढदिवसाला मी शिरा केला, तर हिनं पर्समधून कागदाचा इवलासा डॅनिश झेंडा काढून शिऱ्यात रोवला. शिऱ्यात राष्ट्रध्वज बघून समीर उठून उभाच राहिला. बोडिलला कळेना हा कुठे निघाला. त्यांच्याकडे वाढदिवस म्हटलं की झेंडा, एवढंच त्यातलं राजकारण.

‘‘तुम्ही डॅनिश लोक जगात सगळ्यात आनंदी म्हणे,’’ समीरनं एकदा तिला छेडलं. ती पाव खाली ठेवून खरोखरच विचारात पडली.

‘‘आनंदी आहोत की नाही ठाऊक नाही. आम्ही फार काही मागत नाही. पुरेसं चांगलं असलं की बस्स. आणि समोरचा फसवणार नाही असं धरून चालतो. त्यानं रोजची निम्मी काळजी वाचते.’’

‘‘आणि फसवलं तर?’’ मी विचारलं. मी पुण्याची, मला हे विचारणं भागच होतं.

‘‘मेधा, मी तीस वर्षं हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसले. बहुतेक सगळं परत येतं. वेळ लागतो.’’

त्याच दुपारी तिनं सांगितलं की येन्स तान्हा असताना दिवसाची झोप कायम बाहेरच काढायचा. उणे पाच असलं तरी. ती आत कॉफी पीत बसलेली आणि पोर दुकानाबाहेर रस्त्यावर बाबागाडीत. माझा घास हातातच राहिला. ‘‘आणि कोणी उचलून नेलं असतं तर?’’ बोडिलला प्रश्नच समजला नाही. ‘‘कशाला नेईल?’’ ती म्हणाली. मी मनात म्हटलं, जुन्या काळच्या, तिच्या लांबच्या देशातल्या रीती. माझी ओवी तेव्हा सात महिन्यांची होती आणि आतल्या खोलीत दोन दुलयांखाली होती.

जानेवारीत मला नोकरी लागली. ॲमस्टेलव्हीनला, विमानातून आलेल्या मालाची कागदपत्रं तपासणारी छोटी कंपनी, आठवड्याचे दोन दिवस. पाच वर्षं घरी बसल्यावर मिळालेली. पाळणाघरात मात्र एप्रिलपर्यंत जागा नव्हती. बोडिलनं आपण होऊन सांगितलं, ‘‘मंगळवार-गुरुवार माझ्याकडे.’’ मोबदल्यात काय हवं विचारलं तर डबाभर वरण. मी सकाळी सातची बस धरायची आणि समीर ओवीला पलीकडे सोडून कामाला जायचा. संध्याकाळी ओवी लाल गालांनी, ताजीतवानी परत मिळायची. मला वाटायचं, बाईच्या हाताला गुण आहे.

महिनाअखेरच्या एका गुरुवारी ऑफिसातलं प्रशिक्षण रद्द झालं आणि मी दुपारीच घरी आले. छपरांवर, मोटारींवर पांढरं हीव साचलेलं. बसमधून उतरून वळणावर आले, तर बोडिलच्या घरापुढे, फुटपाथला लागून, बाबागाडी. आसपास चिटपाखरू नाही. दार बंद. मी धावले. आत ओवी. डोळे मिटलेले, नाकाचा शेंडा गार. मी तिला उचलून छातीशी धरलं.

ती जिवंत आहे, नुसती झोपलीय, हे कळायला दोन-तीन क्षण लागले असतील. ती रडायला लागली आणि मी ओरडायला. गल्लीतल्या तीन घरांची दारं उघडली. बोडिल हातात लोकरीचं विणकाम घेऊन बाहेर आली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं वाक्य आठवतं. मी म्हटलं, ‘‘स्वतःचा मुलगा असाच रस्त्यावर टाकून वाढवलात, म्हणून तो आज तुमच्याकडे फिरकत नाही.’’

ती पांढरीफटक झाली. खाली वाकून तिनं ओवीचा पडलेला हातमोजा उचलला, माझ्या हातात दिला आणि आत गेली.

त्यानंतर समीर आणि मी आळीपाळीनं रजा टाकू लागलो. माझ्या साहेबांनी सांगितलं, मार्चअखेरपर्यंत कायमची सोय झाली तर ठीक, नाहीतर दुसरं माणूस घ्यावं लागेल. ओवी आत निजायला तयार नव्हती. पंधरा-वीस मिनिटांत उठून किरकिर सुरू. समीर या सगळ्यात विलक्षण गप्प होता. मी समजत होते की तो काळजीत आहे.

फेब्रुवारीत सुपरमार्केटच्या दारात बोडिल समोरासमोर आली. टाळणं शक्य नव्हतं. ती थांबली आणि नीट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘‘मागच्या वेळेबद्दल आभार.’’

इतका अचूक, इतका थंड टोमणा मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, आणि मी टोमण्यांतच वाढलेय. फोनवर आईला सांगितलं तर तिनंही दाद दिली. ‘‘तुझी थोरली काकू हिच्यापुढे पाणी भरेल,’’ म्हणाली. बोडिल येता-जाता दिसायला नको म्हणून त्या दिवशी मी रस्त्याकडचे पडदे ओढून घेतले. अख्ख्या गल्लीत दिवसा पडदे ओढलेलं घर आमचं एकच.

मार्चमध्ये ओवीचा पहिला वाढदिवस आला. सकाळी दार उघडलं, तर पायरीजवळच्या कुंडीत कागदाचा लाल-पांढरा झेंडा रोवलेला. ‘‘आता हे काय नवीन?’’ म्हणत मी तो उपटला आणि कचऱ्यात टाकायला निघाले. समीरनं माझा हात धरला.

‘‘मेधा, ठेव ते. तिची काही चूक नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, बाहेर झोपवलं तर चालेल का. आत पोर दोन तास रडतं, बाहेर दोन तास झोपतं, बघ तूच, म्हणाली. लोकरीची पिशवी, गरम पाण्याची बाटली, सगळं दाखवलं. मी हो म्हटलं. तुला सांगायचं राहिलं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही. तू नोकरी सोडून बसली असतीस.’’

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि समोर कोणी तिऱ्हाईत उभा होता. पण त्याच्यावरच्या रागापेक्षाही एक गोष्ट मला जास्त लागली. भर रस्त्यात मी तिला नाही नाही ते बोलत होते, तेव्हा ‘तुझ्या नवऱ्याला विचार’ एवढं एक वाक्य तिला पुरलं असतं. ते ती बोलली नव्हती.

ओवीला कडेवर घेऊन, पायांत घरातल्याच सपाता, हातात झेंडा, अशी मी पलीकडे गेले. बोडिलनं दार उघडलं. ‘‘मागच्या वेळेबद्दल आभार,’’ ती म्हणाली आणि मला रडूच फुटलं.

‘‘मी काय बोलले होते ते आठवतं ना तुम्हाला?’’

‘‘आठवतं. फार वाईट बोललीस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.’’

आमच्याकडे अशा वेळी ‘जाऊ दे गं, मी विसरलेसुद्धा’ असं म्हणायची रीत आहे.

‘‘मग आभार कशाचे मानता?’’

‘‘भेटीचे. वाईट भेट गाळायची म्हटली तर पुढे माणूसच गाळावं लागतं. मी सगळ्या धरते.’’

‘‘आणि समीरचं नाव का नाही घेतलंत?’’

‘‘तो सांगेल असं मी धरून चालले होते. जरा वेळ लागला त्याला.’’ मग तिनं ओवीला माझ्या कडेवरून घेतलं. ‘‘कॉफी?’’

पुढच्या मंगळवारपासून मी पुन्हा सातची बस धरली. माझी अट एकच, बाबागाडी मागच्या अंगणात, रस्त्यावर नाही. बोडिल म्हणाली, ‘‘पुरेसं चांगलं आहे.’’ एप्रिलमध्ये पाळणाघरात जागा झाली, तरी ओवीचा गुरुवार तिच्याकडेच राहिला. तिच्याकडून ते आभार मी डॅनिशमध्येही म्हणायला शिकले, पण तिला उलट मात्र कधीच म्हणता आले नाहीत. तोंडाशी आलं की तो गुरुवार आठवायचा आणि मी नुसतीच हसायचे.

याला दोन वर्षं होत आली होती. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मला सुट्टी होती, म्हणून ओवीला सोडायला मीच गेले. तिनं बोडिलची बेल तीनदा वाजवली, दार उघडेना. तिच्या खिडकीला पडदे कधीच नव्हते. मी आत डोकावले. बोडिल खुर्चीत, खांद्यावर टॉवेल, केस ओले, पुढ्यात कॉफी. मेणबत्ती जळत होती. मी हाक मारली, काचेवर टकटक केलं, मग माझ्याकडे ठेवलेल्या तिच्या किल्लीनं दार उघडलं. कॉफी अजून कोमट होती. बोडिल उरली नव्हती.

संध्याकाळपर्यंत येन्स आला. इथे माणूस गेलं की चार-पाच दिवस घरीच ठेवतात, लोक येऊन बघून जातात. दुसऱ्या दिवशी मी ओवीचा हात धरून गेले. त्यानं दार उघडलं. आईसारखाच उंच, डोळे सुजलेले. त्याला माझं ते वाक्य ठाऊक असेल तर?

‘‘मेधा ना?’’ तो म्हणाला. ‘‘आई दर रविवारी फोनवर तुझ्याबद्दल सांगायची. म्हणायची, पलीकडची मेधा इतकं ओरडते की तिची मुलगी कधीच हरवायची नाही.’’

दर रविवारी.

आतल्या खोलीत खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर हीव पडलेलं. माणूस गेलं की त्यांच्याकडे खिडकी उघडतात, त्याला जायला वाट हवी म्हणून, असं येन्सनं हळूच सांगितलं. बोडिलच्या अंगावर तिनंच विणलेला निळा स्वेटर होता. मी तिच्या हाताला हात लावला आणि दोन वर्षं तोंडाशी अडलेलं म्हटलं, ‘‘मागच्या वेळेबद्दल आभार.’’ मोठ्यानं म्हटलं, तिच्या डॅनिशमध्ये, तिच्याकडूनच शिकलेल्या उच्चारात. येन्सनं मान फिरवली.

ओवी माझा हात सोडून खिडकीखाली जाऊन उभी राहिली. गार वारा सरळ तिच्या तोंडावर येत होता. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. मी तिला तिथेच उभं राहू दिलं.