फाटली कुठं, ते पाहा

रशीद सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला, तेव्हा माझे हात ज्वारीच्या पिठात होते. बाजाराचा दिवस होता. दर बाजाराला ते अमडापूरहून जीपने माझ्याकडे उंद्रीला येत. त्या दिवशीही मी दोन ताटे काढून ठेवली होती...

शोकसभेत एक तरुण शिक्षक म्हणाला, "रशीद सर पोरांच्या चुका फळ्यावर जपत. हेडसरांनी मोकळीक दिली म्हणून हे शक्य झालं." टाळ्या वाजल्या. तो हेडसर मीच. मी मान खाली घातली. ते खरे नव्हते, हे तिथे आणखी एकीलाच ठाऊक होते. समोर बसलेल्या सुनीताला, जी आज स्वतः गणित शिकवते. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

रशीद सर चुकलेले गणित पुसत नसत. भोवती खडूची चौकट आखत आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराला फळ्याशी बोलावत. स्वतःचे चुकले, तरी चौकट. तपासणीच्या सकाळी मी सातवीत शिरलो, तर चौकटीत सुनीताचे चुकलेले अपूर्णांक. मी डस्टर उचलले.

"सर, राहू द्या. पोट्टी आज दुरुस्त करते पाहा."

"तिच्या डोक्यात गणित नाहीच. शाळा आहे की चुकांचं दुकान?"

ती पहिल्याच बाकावर होती. मी फळा पुसला. पुढे सातवीचे गणितही त्यांच्याकडून काढून घेतले. ते पाचवीत जाऊन चौकटी आखू लागले. मधल्या सुट्टीत सुनीता पाटी घेऊन व्हरांड्यात त्यांच्याजवळ बसलेली दिसे, आणि मी न पाहिल्यासारखे करून पुढे जाई.

माझी पत्नी वारल्यावर मी डब्यावर जगतो हे कळताच ते आले आणि परात पुढ्यात घेऊन बसले. माझी भाकरी थापतानाच फाटे.

"रशीद, माझ्या हातातच नाही हे."

"आईच्या पोटातून कोण शिकून येते, सर? फाटली कुठं, ते पाहा. काठाले जास्त जोर देऊन राह्यले तुम्ही."

फाटकी भाकरी ते स्वतःच्या ताटात घेत. त्या फळ्याबद्दल माफी मागायची, असे मी दर वेळी ठरवी. शब्द ओठांवर येत, तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटायची वेळ होई... शेवटी राहूनच गेले.

आता बाजाराचा दिवस आला की जीपचा आवाज ऐकू येतो, आणि ती पुढे निघून जाते. काल भाकरी पुन्हा काठाशी फाटली. कुठे फाटली, ते नीट पाहिले. मग ती दुसऱ्या ताटात ठेवली आणि नवा गोळा हातात घेतला.