साध्या पाण्यातले कोसे

प्रयागबाई किडे खाते, ही गोष्ट इतवारीपलीकडच्या विणकरांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तिने ती कधी लपवलीही नव्हती. भंडाऱ्याकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचा कोसा पिकवणाऱ्या ढिवरांची ती लेक. नवरा गेल्यावर नागपुरात आली आणि मार्तंड विणकराच्या ओसरीवर कोसा कातायला बसली. लुगडं वर सारायचं, उकडलेल्या कोशाची तार ओढायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत राहायची. तार संपली की आत तपकिरी किडा उरे. बाकीच्या बाया तो टोपलीत फेकत. प्रयागबाईकडे मात्र गावचं कोणी आलं की भाजलेल्या किड्यांची पुरचुंडी येई, आणि ती ते तिखट-मीठ लावून भाकरीशी खाई. नाकं मुरडणाऱ्यांना म्हणे, "बाजारातला झिंगा मिटक्या मारत खाता. त्याले काय पाय नसते?"

मार्तंडची बायको गोपिका या नाकं मुरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. प्रयागबाई जेवायला बसली की ही पाठ करून बसे.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळाने डाळ वाण्याच्या दुकानातून गायबच झाली. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळे, तिची भाकर धड थापली जाईना आणि गिळवेना. सुताअभावी माग थंडावले, कोशाचं काम तेवढं रडतखडत चाले. त्यातच गोपिकेची तीन वर्षांची प्रेमलता मिटत चालली. पायांवर सूज, केस तांबूस, खेळणं बंद. दिवसभर कुडाला टेकून बसे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "बाई, हिला बाटलीतलं औषध नको. डाळ, अंडं, दूध पोटात जाऊ द्या, नाहीतर पोर हाती लागायची नाही." आता हे आणायचं कुठून?

प्रयागबाईने ऐकलं आणि म्हणाली, "पोरीले किडे चार वं. आमच्याकडे बाळंतिणीले देते."

"माणसाचं लेकरू आहे ते मावशी, कोंबडीचं नाही!" गोपिका फाडकन बोलली.

प्रयागबाईने नवा कोसा घेतला. तार वळत राहिली.

पण पोटच्या पोरापुढे तोरा किती दिवस टिकतो? एका सकाळी प्रेमलतेने भाकरीकडे मानही वळवली नाही, तेव्हा गोपिकेचा धीर सुटला. विचारायची मात्र लाज. तिने गुपचूप ओसरीवरच्या टोपलीतले किडे उचलले, तव्यावर भाजले, डोळे मिटून मुलीला भरवले. तासाभरात पोरीने सगळं ओकून टाकलं आणि डोळे फिरवले.

गोपिकेची सासू धावत येऊन प्रयागबाईवर तुटून पडली. "तूच शिकवलं! उचल आपलं बसकर अन् निघ इथून!"

"आत्याबाई, त्यायले काहून बोलता? मीच चारले," गोपिका रडत म्हणाली.

प्रयागबाईने तव्यातला उरलेला किडा उचलून हुंगला आणि कपाळावर हात मारला. "अवं बापा, हे तं सोड्यातले! सोड्यातले कोणी खाते काय?"

खरंच होतं. कोशाची तार सहज सुटावी म्हणून विणकरांच्या घरी तो धुण्याच्या सोड्यात उकडतात. गोपिकेने जन्मभर कोसे उकडले, पण सोडा किड्यातही मुरतो हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. जे कधी खायचंच नाही, त्याचा विचार कोण करतो? प्रयागबाई दिवसभर पोरीच्या उशाशी बसून तिला चमचा चमचा पेज पाजत राहिली. पोर सावरली, तशी उठताना म्हणाली, "उद्यापासून मी आणते. साध्या पाण्यातले."

कातायला मिळालेले आपल्या वाट्याचे कोसे ती घरी नेऊन साध्या पाण्यात उकडू लागली. सकाळी तार कोसे पुरवणाऱ्या मालकाच्या हाती आणि पळसाच्या पानात मूठभर भाजलेले किडे प्रेमलतेच्या पुढ्यात. पोरगी दाण्यासारखी कुरुकुरू खाई. सासू आधी भिंतीकडे तोंड करून बसे. मग एकदा सहज बोलून गेली, "आज मीठ कमी हाय," तेव्हा तिने किती वेळा चाखलं असेल याचा हिशेब घराने केला आणि पोट धरून हसलं. आखाड सरता सरता प्रेमलता गल्लीत पोरींशी भांडू लागली. ते भांडण ऐकून गोपिकेने देवापुढे दिवा लावला.

त्या दिवसांत प्रयागबाई पाय ओढत चाले. कोणी विचारलं तर म्हणे, "काही नाही वं, गुडघा धरला."

वर्षं गेली. प्रयागबाईची नजर गेली, ती गल्लीच्या टोकाच्या खोलीत पडून राहू लागली. तिच्या जागी आता गोपिका कातायला बसे. दोन वेळचा डबा शाळकरी प्रेमलता पोचवी. एकदा म्हातारी म्हणाली, "तोंडाले चवच नाही पोरी. किडे खाऊन किती दिवस झाले!"

गोपिकेने हे प्रेमलतेकडून ऐकलं मात्र, मूठभर कोसे साध्या पाण्यात उकडायला ठेवले. पण तार सुटेना! सोड्यातली तार लोण्यासारखी येते. ही हिसके देत, खरबरीत होऊन येई, आणि मांडीवर जोर लावून घासल्याशिवाय वळत नव्हती. कोसा कापून किडा काढावा, तर तार बुडते, आणि तार मालकाची. दुपारपर्यंत मांडीची सालटी निघाली. चार किडेही हाती आले नव्हते.

तेव्हा तिला तो उन्हाळा दिसला. रोज पळसाचं पान, रोज मूठभर, आणि तार पुरी मोजून दिलेली. गोपिकेने पदर तोंडात धरला आणि हुंदके देऊन रडली. माझी पोर हिने आपल्या कातड्यावर जगवली, आणि मी हिच्याकडे पाठ करून बसत होते. मग डोळे पुसून तिने पुढचा कोसा उचलला. मूठ भरेपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी गरम पान म्हातारीच्या हातात ठेवलं. प्रयागबाईने एक किडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि हसली. गोपिका पाण्याचा तांब्या आणायला वळली, तशी म्हातारीने कान टवकारले.

"पाय ओढून काहून राहिली वं?"

"काही नाही मावशी. गुडघा धरला."

प्रयागबाईचा दुसरा घास हातातच राहिला. पान खाली ठेवून ती चाचपडत उठली आणि कोनाड्यातली तेलाची वाटी शोधू लागली.