कोणाचो तू?

आमच्याकडे नवं पोर दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणाचो रे तू?" जामसंड्यात किराणा दुकानाच्या माडीवर स्टुडिओ चालवणारा हा माणूस मात्र शिकायला आलेल्याला विचारतो, "सकाळी उठल्यार पयलो आवाज कसलो आयकलंस?" कुणी विहिरीवरचा पंप सांगतं, कुणी भाकरीची थाप. उत्तर ऐकताना तो डोळे मिटतो, मग स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून त्या पोराला देतो.

परवा आमच्या भजनमंडळाचं रेकॉर्डिंग होतं. मशीनपुढे त्याची एक विद्यार्थिनी बसलेली पाहून आमचे बुवा दारातच अडले.

"ह्या चेडू कोणाचा?"

"माका म्हायत नाय. पण गेल्या खेपेक तुमचो पखवाज तालात मागे रवलेलो, ता तेनाच पकडल्यान," स्टुडिओवाला म्हणाला.

बुवा गुपचूप आत जाऊन बसले.

खरं तर तो प्रश्न माझ्याही मनात होता. बुवा एकटे गात असताना, हळूच विचारून घेऊ म्हणून मी टाळ ठेवून खाली उतरलो. हा स्टुडिओवाला भर उन्हात रस्त्यावर उभा राहून रिक्षावाल्यांना हात जोडत होता. मी तोंड उघडण्याआधीच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. वर मॅडम काम करतत."